वादी ओलांडू नका

मला स्वस्थ बसता येत नाही. गुण म्हणा की खोड म्हणा, ती मी माहेराहूनच आणली आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली, ज्या भारतीय शाळेत मी हिंदी शिकवत होते तिथली नोकरी सुटली, आणि मस्कतमधल्या दार्सैतच्या दोन खोल्यांत मी दिवसभर एकटी उरले. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे घासून पुन्हा घासले. पडदे धुतले आणि ते नीट सुकायच्या आत दुसरे काढले. कृष्णाच्या देवळात जाऊन शांत बसावं म्हटलं, तर तिथेही चपला कुठे काढाव्यात यावरून एका बाईशी वाजलं. शेवटी नवरा म्हणाला, "अगो, तू कुठेतरी कामाला लाग. नाहीतर ह्या घराच्या भिंती तरी घासून पातळ करशील."

त्याचं बरं होतं. तो घरी असायचाच कधी? दुकानांतले फ्रीझर आणि कोल्ड रूम दुरुस्त करायचं त्याचं काम. पिकअप घेऊन मस्कतहून निझव्याला, निझव्याहून आणखी आतल्या गावांना, असा त्याचा आठवडा जायचा. हिंडायला तो आणि तळमळायला मी, अशी आमची वाटणी झालेली होती.

आमच्याच जिन्यावरची एक मल्याळी बाई सरकारी टीव्हीवर मल्याळममधून सूचना वाचायची. परदेशी कामगारांसाठी छोट्या छोट्या सूचना असतात: लस कधी, उन्हाळ्यात दुपारचं काम कधी बंद, समुद्र खवळला असेल तर काय करायचं. हिंदी वाचणारं कुणी तरी त्यांना हवं होतं. पगार नाही, नुसती स्वयंसेवा. तिने सहज सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी साडी नेसून हजर.

नवऱ्याला तर पर्वणीच मिळाली. "बिनपगारी, फुल अधिकारी," असं तो येईल त्याला सांगायचा. गावी सासूबाईंनाही फोनवर सांगून झालं. त्यांनी तिकडून विचारलं, "म्हणजे लष्कराच्या भाकऱ्याच ना रे?" मायलेक हसत राहिले. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली आणि ती गरजेपेक्षा जास्त जोरात मळली.

तिथे मिळतं काय, असं मला सगळेच विचारायचे. मिळायचं ते असं. गळ्यात एक कार्ड, ते बघून दारावरचा माणूस सलाम करायचा. छोट्या कपातला काहवा, म्हणजे कडवट अरबी कॉफी, आणि सोबत खजूर. वर्षाच्या शेवटी एक प्रमाणपत्र आणि फोटो, ज्यात माझे डोळे मिटलेले. पण खरं सांगू का, इतक्या वर्षांत ती पहिली जागा होती जिथे "तुमचे मिस्टर कुठे असतात कामाला?" असं मला कुणी विचारलं नाही. माझी मीच गेले होते आणि मी वेळेवर आले नाही तर कुणाचं तरी अडत होतं. आणि आणखी एक. माईकच्या वर लाल दिवा लागला की माझे हात आपोआप मांडीवर पडून राहायचे. एरवी झोपेतही न थांबणारे हात. तेवढ्यासाठीसुद्धा मी गेले असते.

आमचं काम बघणारी एक ओमानी मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा थोडीशीच मोठी. हिंदी मालिका बघून बघून हिंदी शिकलेली. मला "आंटी" म्हणायची आणि माझ्यावर अगदी शाळेतल्या बाईसारखी नजर ठेवायची. मजकूर वरून मंजूर होऊन अरबीत यायचा, त्याचं इंग्रजी व्हायचं आणि इंग्रजीवरून मी हिंदी करायची. त्यात एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मी मात्र मास्तरीण. मला समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मी कुठे एखादं वाक्य वाढवलं की ती काचेपलीकडून बोट हलवायची. "आंटी, मसाला नहीं."

सगळ्यांत जास्त वेळा वाचलेली सूचना वादीची. वादी म्हणजे इथली नदी, पण वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात पाण्याचा टिपूस नसतो. दगडगोटे, काटेरी झाडं आणि बकऱ्या. हमरस्त्यावर तिच्यावरून पूल गेलेले आहेत, पण आतल्या गावांना जायचं तर रस्ता सरळ वादीत उतरतो आणि पलीकडे चढतो. पाऊस लांब कुठे डोंगरात पडतो. तुम्ही उभे असता तिथे लख्ख ऊन. आणि मग एकदम पात्रभर पाणी येतं, दगडांसकट, गाड्यांसकट. ते किती झटकन येतं हे मला त्या मुलीनेच सांगितलं. ती वादीच्या काठच्या गावात वाढलेली. ती म्हणाली, पाण्याला घाबरणारा माणूस आधीच थांबतो. ज्याला वाटतं आपल्याला पाणी कळतं, तोच उतरतो.

मला लगेच घरचा माणूस आठवला.

माझा नवरा कोकणातला. त्याच्या गावी पावसाळ्यात नदीचं पाणी अंगणाशी येतं. तिथला माणूस काठावर उभा राहून अंदाज घेतो. पाऊस किती पडतोय ते त्याला डोक्यावर कळतं, पाणी किती चढलंय ते साकवाच्या खांबावर दिसतं. पाणी हळूहळू चढतं, विचार करायला वेळ देतं. जायचं की थांबायचं, हे तिथे लहान मूलही सांगेल. हा अंदाज अंगात इतका मुरलेला की ही माणसं तो इथेही घेऊन येतात. वादीच्या काठावर गाडी थांबवतात, आभाळाकडे बघतात, खाली पात्राकडे बघतात, दोन्ही कोरडं दिसलं की "काय नाय, चला" म्हणून उतरतात. परक्या मुलखात त्यांना भाषेची भीती वाटते, पोलिसांची वाटते, पाण्याची वाटत नाही.

त्या दिवशी कमी दाबाचा पट्टा येणार म्हणून शाळांना सुट्टी होती. सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधायला बसला तशी मी दारात जाऊन उभी राहिले.

"आज नका जाऊ हो."

"भाईचा फ्रीझर बंद पडलाय. मासळी फुकट जाईल त्याची."

हा भाई म्हणजे रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. निझव्यात त्याचं मोठं दुकान, आणि पुढे आतल्या एका गावात एक छोटं. बंद पडला होता तो छोट्या दुकानातला फ्रीझर, आणि त्या गावाच्या वाटेवर वादी होती.

"जाऊ दे मासळी. त्या रस्त्याला पूल नाही."

"पाऊस तरी आहे का कुठे? बघ खिडकीतून."

"पाऊस इथे बघून कळत नाही. मी वाचते ना रोज."

"तू घाटावरची," तो हसला. "नळाला पाणी आलं तरी तुला पूर वाटतो. आम्हाला नको शिकवू पाणी."

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते सांगत नाही, पण त्यात सासूबाईही आल्या. "कटकट पुरे," म्हणून तो गेला. मी त्याचा चहाचा कप इतका आपटून विसळला की कान तुटला.

दुपारी मी टीव्ही स्टेशनवर होते. हिंदी वाचून झालं होतं, बंगाली वाचणारा आत गेला होता. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या घालत नवऱ्याला फोन लावत होते. उचलत नव्हता. शेवटी निझव्याला भाईला लावला.

"फ्रीझर झाला चालू, वहिनी," भाई खुशीत होता. "भाऊ निघाले आत्ताच. माझी दोन पोरं पण मागनं निघालीत, तिकडचा थोडा माल हिकडं आणायला."

"त्यांना थांबवा हो. वादी ओलांडू नका म्हणावं."

"कसं सांगू? कुणाचाच फोन लागत नाय. रेंज नसेल तिथं."

"आभाळ कसं आहे तिकडे?"

"पोरांनी निघताना सांगितलं ना, आभाळ साफ हाय, ऊन पडलंय. म्हणून तर निघाले."

ढग असते, पाऊस असता, तर तो माणूस थांबला असता. पावसात थांबायचं त्याला कळतं. ऊन होतं, म्हणूनच तो उतरणार होता.

एकच आशा होती. त्या गावाकडून येताना वादी लागायच्या आधी एक केरळी चहावाला आहे. तिथे करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, घेतल्याशिवाय ह्यांच्यापैकी कुणाचंही चाक पुढे जात नाही. त्याच्याकडे भिंतीवर टीव्ही आहे, आणि वादळवाऱ्याच्या दिवसांत सगळीकडे सरकारी वाहिनीच लावलेली असते, कारण उद्या सुट्टी आहे का, हे प्रत्येकाला कळायला हवं असतं.

मी सरळ त्या मुलीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला मराठीत वाचायचंय. आत्ता.

ती घाईत होती. "हिंदी सब समझते हैं ना, आंटी?"

"समजते," मी म्हटलं. "पण ऐकत नाहीत." हिंदीत, इंग्रजीत, सुचेल तसं तिला सांगितलं. की हिंदी आमच्या माणसांना सरकारची वाटते, साहेबाची वाटते. तिला ते "अर्बाब, इन्शाल्ला", म्हणजे "हो मालक, बघू", म्हणतात आणि आपलंच खरं करतात. की ते ज्या नदीकाठी वाढलेत ती वेगळी आहे. शेवटी म्हटलं, माझा नवरा त्या रस्त्यावर आहे. हे आधी सांगायचं नव्हतं.

तिने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, भाषा बदलायची परवानगी मी घेते, मजकूर बदलता येणार नाही. फोनवर अरबीत काहीतरी भराभर बोलली आणि दार उघडून मला म्हणाली, "यल्ला, आंटी."

लाल दिवा लागला. मंजूर मजकूर मी मराठीत वाचला. वादीच्या पात्रापासून दूर राहा. वाहन घेऊन वादी ओलांडू नका. मुलांना वादीजवळ जाऊ देऊ नका. तिथे ते संपत होतं. पण मी थांबले नाही. मी म्हटलं, "कोकणातल्या माणसांनो, आपल्या नदीचा अंदाज इथे चालत नाही. वर ऊन असलं, पात्र कोरडं असलं, तरी पाणी येतं. ते तुम्हाला वेळ देणार नाही. जिथे असाल तिथे थांबा. घरी वाट बघतायत."

काचेपलीकडे ती मुलगी बोट हलवेल म्हणून मी बघितलं. तिचं बोट हललं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "मराठीत इतके शब्द लागतात?"

"लागतात," मी म्हटलं.

सूचना लगेच लागली. मी पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि पहिल्यांदाच साडी कशी दिसते हे बघितलं नाही. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. आता भाईचाही लागेना. आम्हाला लवकर घरी पाठवलं, कारण मस्कतमध्येही पाऊस सुरू झाला होता आणि दार्सैत खोलगट. गल्लीत पाणी भरायला वेळ लागत नाही. गाडीवाल्याने वरच्या रस्त्याला सोडलं. तिथून गुडघाभर पाण्यातून घर गाठलं आणि खिडकीशी उभी राहिले. बसले नाही. भात लावला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, तो करपला. दुसरा लावला. देवाजवळ दिवा लावला आणि देवालाच दटावलं, की माणूस हट्टी आहे हे तुला ठाऊक नव्हतं का?

उजेड असतानाच जिन्यावर बूट वाजले. तोच. दारात उभा, कोरडा ठाक, फक्त पँट गल्लीतल्या पाण्याने भिजलेली.

"बघ," तो म्हणाला. "आलो की नाही? वादीत टिपूस नव्हता. टायरसुद्धा ओला झाला नाही. पाणी लागलं ते तुझ्या ह्या गल्लीत."

"चहावाल्याकडे थांबला नव्हतात?"

"थांबलो होतो. चहा घेतला, निघालो. फोन तेव्हाच मेला, चार्जर घरी विसरलो होतो. का?"

म्हणजे त्याने ऐकलंच नव्हतं. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याला दोन फटके द्यावेत असंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. चहा टाकला. तो खुर्चीत आरामात बसला आणि घाटावरच्या बायकांवर व्याख्यान सुरू केलं. मी कणीक मळत एकेक टोमणा आनंदाने गुपचूप गिळत होते.

तेवढ्यात भाईचा फोन आला. हाताला पीठ होतं म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"वहिनी!" भाईचा आवाज ओळखू येत नव्हता. "वहिनी, माझी पोरं वाचली. चहावाल्याकडं चहा पीत होती. टीव्हीत तुमचा आवाज आला. आपली बाई आपल्या भाषेत सांगते म्हणून बसून राहिली. मग पाणी आलं हो. त्यांच्या डोळ्यांदेखत आलं. रस्ता दिसत नाय, कडेचे खांब पण दिसत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, भाऊ त्यांच्या जरासे पुढं होते. पोरांनी त्यांची गाडी वादीत उतरताना बघितली. भाऊंचा फोन लागत नाय. मी काय सांगू तुम्हाला? मी तिकडं माणसं पाठवलीत शोधायला..."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या हातात कप होता. तो कप त्याने खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण बशी त्याला सापडेना.

"भाई," मी म्हटलं, "ते घरी आहेत. माझ्यासमोर बसलेत."

पलीकडे भाई रडायला लागला. मोठमोठ्याने. मागे दुकानातली माणसं त्याला धरून विचारत होती, काय झालं, काय झालं. तो त्यांना सांगूही शकत नव्हता.

फोन बंद झाला तरी कप नवऱ्याच्या हातातच होता. तो म्हणाला, "ती पोरं माझ्या मागेच होती. चहावाल्याकडे मी पैसे देत होतो तेव्हा आत आली." मग म्हणाला, "मी त्यांना म्हटलं पण, चला रे, काय नाय."

मी त्याच्यावर ओरडणार होते. दिवसभर साठवलेलं सगळं तयार होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि मी जाऊन त्याच्या बाजूला बसले.

"तू काय सांगितलंस टीव्हीवर?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"घरी असं नाही सांगितलंस कधी," तो म्हणाला. "घरी नुसतं नका जाऊ, नका जाऊ."

"घरी तुम्ही पुढचं ऐकायला थांबता कुठे?"

हे खरं होतं आणि माझं ओरडणंही खरं होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून ते असं करून ठेवलं होतं.

वाढवलेल्या वाक्यांचा जाब मला द्यावा लागला. कुणीतरी त्यांचा अर्थ काढून वर सांगितला. त्या मुलीने माझी बाजू घेतली, तरी मला बराच काळ माईकपासून लांब ठेवलं. ते दिवस फार वाईट गेले. डबे पुन्हा घासून झाले. मुलीला पुण्याला दिवसातून इतके फोन केले की तिने "आई, प्लीज" म्हणून ठेवून दिला. भाईने ताज्या सुरमईचा खोका पाठवला, पण माझं लक्ष सगळं स्टेशनच्या फोनकडे. शेवटी त्यांनी बोलावलं तेव्हा वादीच्या मजकुरात वरूनच एक ओळ मंजूर होऊन आली होती: आभाळ स्वच्छ असले तरी. ती मुलगी कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आंटी, आता मसाला आत आहे." मी काहवा न पिताच आत गेले.

पुढच्या खेपेला पुन्हा तसाच इशारा आला तेव्हा नवरा आतल्याच एका गावाला गेलेला होता. मी सूचना वाचून बाहेर आले आणि फोन वाजला. तोच.

"थांबलोय," तो म्हणाला.

"कुठे?"

"वादीच्या अलीकडे. गाडी बंद करून बसलोय."

"पाणी आहे?"

"नाही. बकऱ्या चरतायत."

"आभाळ?"

"ऊन आहे कडक." मग चिडून म्हणाला, "किती वेळ बसायचं असतं असं? माझ्या समोरून दोन गाड्या गेल्या पलीकडे. ते हसत होते माझ्याकडे बघून."

"हसू देत."

"कंटाळा आलाय. बोल काहीतरी."

मला काही सुचेना. इतक्या वर्षांत माझ्याकडे बोलायला नव्हतं असं कधी झालं नव्हतं. मी फोन कानाला लावून पॅसेजमध्ये उभी राहिले. तोही तिकडे काही बोलत नव्हता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि लांबून बकऱ्यांचा आवाज.

दिवसभर पाणी आलंच नाही. सूचना मागे घेतली तेव्हा तो निघाला आणि उशिरा घरी पोचला, उपाशी आणि वैतागलेला. "अख्खा दिवस वाया गेला," असं म्हणून त्याने बूट कोपऱ्यात भिरकावले.

"हो," मी म्हटलं, "वाया गेला," आणि त्याच्या ताटात भात वाढता वाढता रडायला लागले.